कागदाचं लढाऊ विमान बनवायचंय? मग विमान निवडताना कागदाला विचारा

इथे विमान म्हणजे कागदावर छापलेले तुकडे कापून, वळवून, चिकटवून केलेलं मॉडेल. बरेच जण पहिलं मॉडेल म्हणून स्पिटफायर, ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, उचलतात आणि का उचलतात तेही कळतं, दिसायलाच इतकं देखणं आहे ते. पण कागदासाठी स्पिटफायर म्हणजे जवळपास सगळ्यात अवघड सुरुवात. पंख लंबगोल, पंख धडाला मिळतो तिथे दोन्ही अंगांनी वळलेला खोलगट भाग, नाकावर गोल टोपी, इंजिनाचं झाकण फुगीर, आणि कागदाला यातलं काहीच धड जमत नाही. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, सपाट तुकडे जोडून पेटी होते, चेंडू मात्र होत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला गेलं की फाटते ना, इथे तीच भानगड उलट्या बाजूने.

तर माझा साधा नियम असा की विमानाचा फोटो समोर घ्यायचा आणि बघायचं, यात नळ्या किती, शंकू किती, सपाट भाग किती आणि फुगीर भाग किती. फुगीर भाग जितके कमी तितकं ते विमान कागदाचं.

या हिशोबाने पहिला नंबर एफ-११७ नाइटहॉकचा, त्याला तोडच नाही. १९७० च्या दशकातल्या कॉम्प्युटरना रडारच्या लहरी सपाट पृष्ठभागावरून कशा परततात एवढंच गणित झेपायचं, वळणदार पृष्ठभागाचं झेपत नव्हतं, म्हणून लॉकहीडवाल्यांनी अख्खं विमानच सपाट तुकड्यांचं केलं. १९८१ मध्ये पहिलं उड्डाण, १९८८ मध्ये जगाला अधिकृतपणे दाखवलं, आणि बघणाऱ्यांना वाटलं हे उडतंच कसं. आपल्याला काय, आपल्यासाठी ते आयतं घड्या घालून ठेवलेलं विमान आहे. शिवाय काळं! आतून-बाहेरून काळा असलेला कार्डपेपर मिळाला तर कापलेल्या कडा पांढऱ्या दिसायचा प्रश्नच मिटतो, तुकड्यांचा नकाशा फक्त कागदाच्या मागच्या बाजूला आरसा-प्रतिमा करून फिक्या रंगाच्या पेन्सिलीने गिरवायचा.

दुसरं नाव मिग-२१. मूळ आकार म्हणजे एक लांब नळी, पुढे हवा आत घ्यायला तोंड, त्या तोंडात शंकू, आणि पातळ त्रिकोणी पंख. अकरा हजारांच्या वर बनली ही विमानं, त्यामुळे रंगसंगतीला तोटा नाही, कुठल्या ना कुठल्या देशाची तुम्हाला आवडेल अशी सापडतेच. एफ-१०४ स्टारफायटर पण याच जातीचं, त्याचे पंख तर इतके पातळ होते की पुढच्या कडेची जाडी अर्ध्या मिलीमीटरच्याही आत होती आणि जमिनीवर असताना कुणाला कापू नये म्हणून त्यावर झाकणं लावायचे. असा पंख कागदाला फार शोभतो.

पहिल्या महायुद्धाची आवड असेल तर फोकर डीआर-१, ते तीन पंखांचं. धड चपट्या बाजूंचं, पेटीसारखं, आणि मोठी सोय म्हणजे त्याचे पंख आतल्या मजबूत दांडीवर स्वतःचे स्वतः उभे राहायचे, त्यामुळे त्या काळच्या बाकी विमानांसारखं तारांचं जाळं जवळपास नाहीच. सॉपविथ कॅमल दिसायला सोपं वाटतं पण त्या तारा ओढताना डोळ्यांतून पाणी येतं, ते नंतर.

आणि सुखोई-२७, एफ-१६, राफेल वगैरे, ज्यांचं धड कुठे संपतं आणि पंख कुठे सुरू होतो तेच कळत नाही, ती सध्या बाजूलाच ठेवा. बनतात ती, लोक अप्रतिम बनवतात, पण त्यात प्रत्येक वळणासाठी मॉडेलचा नकाशा आखणाऱ्या डिझायनरने आधीच कागदाचे बारीक बारीक तुकडे पाडलेले असतात आणि ते जुळवायला हात बसलेला लागतो.

आता माप, म्हणजे खरं विमान किती पट लहान करायचं ते, १:३३ म्हणजे तेहतिसावा हिस्सा. पेपर मॉडेलमध्ये विमानांसाठी १:३३ हे माप सगळ्यात जास्त दिसेल, पोलंडमधल्या मॉडेल छापणाऱ्यांनी ते रूढ केलं. प्लास्टिकवाल्यांचं लाडकं १:७२, ज्यात मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून शत्रूची-मित्राची विमानं ओळखायच्या सरावासाठी लाखोंच्या संख्येने मॉडेल्स करून घ्यायचं ठरवलं तेही याच मापात, कारण या मापाचं मॉडेल पस्तीसेक फुटांवर धरलं की अर्ध्या मैलावरचं विमान जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. आणि तळहातावर मावणारं हवं असेल तर १:१०० किंवा १:१४४.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, म्हणजे १:३३ मध्ये ३४ सेंटिमीटर, १:१०० मध्ये ११ आणि १:१४४ मध्ये जेमतेम ८. मिग-२१ चे ७.१५ मीटर, म्हणजे १:३३ मध्ये साधारण २२ सेंटिमीटर आणि १:१०० मध्ये ७. बी-१७ बॉम्बर मात्र १:३३ मध्ये करायला घेतलात तर पंख ९६ सेंटिमीटरपर्यंत जातात, ठेवणार कुठे ते आधी ठरवा. तेच १:१४४ मध्ये २२ सेंटिमीटर, झकास.

१:३३ च्या मॉडेलची छापायची पीडीएफ छोटी करायची असेल तर गणित सोपं आहे, ३३ ला हव्या त्या मापाने भागायचं. १:४८ साठी ६९ टक्के, १:७२ साठी ४६ टक्के, १:१०० साठी ३३ टक्के. प्रिंट करताना सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' बंद, नाहीतर प्रिंटर गुपचूप दोन-चार टक्के कमी करतो आणि मग एका पानावरचा तुकडा दुसऱ्या पानावरच्याशी जुळत नाही. पानावर मापपट्टी छापलेली असेल तर पहिलं पान आलं की स्केल लावून मोजा.

पण इथे एक गोची आहे जी बहुतेक सूचनापत्रकांत लिहिलेलीच नसते. प्रिंट लहान होतं, कागदाची जाडी लहान होत नाही! १६० जीएसएमचा कागद (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधारण ०.२ मिलीमीटर जाड. १:३३ मध्ये ती जाडी खऱ्या विमानाच्या ६-७ मिलीमीटर पत्र्याएवढी झाली, चालून जातं. तोच कागद १:१४४ मध्ये वापरला तर जवळपास ३ सेंटिमीटर जाडीचा पत्रा झाला, आणि ते डोळ्याला दिसतं, कडा बोथट दिसतात, पंख पाटासारखे दिसतात. म्हणून लहान मापात कागदही पातळ घ्यायचा, १०० ते १२० जीएसएम, आणि अगदी बारीक भागांना साधा ८० जीएसएमचा ऑफिसचा कागद.

जाडीचा दुसरा त्रास धडात होतो. धडाच्या आत पुठ्ठ्याच्या गोल चकत्या असतात, त्यांना फॉर्मर म्हणतात, आणि त्यांच्याभोवती कागदाची कातडी गुंडाळायची असते. कागद चकतीच्या बाहेरून फिरतो म्हणून त्याला थोडा जास्त परीघ लागतो, ०.२ मिलीमीटर कागदाला साधारण ०.६ मिलीमीटर जास्त. डिझायनरने हे १:३३ साठी धरलेलं असतं. तुम्ही ते तिसऱ्या हिश्श्यावर आणलंत की त्याने सोडलेली जागाही तिसरा हिस्सा होते, कागद मात्र तेवढाच, मग कातडीची दोन टोकं एकमेकांना पोचतच नाहीत आणि माणूस समजतो आपलंच कापणं चुकलं. उपाय एकच, चकती बाहेरच्या रेषेवर न कापता रेषेच्या किंचित आतून कापायची आणि मग बारीक सँडपेपरने घासत घासत, कातडीची नळी वरून सरकवून बघत बघत मापात आणायची. घासायचं नेहमी चकतीलाच, कातडीला हात लावायचा नाही.

कागद घेताना त्याचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते बघा. बहुतेक नवखे लोक इकडे लक्ष देत नाहीत आणि मग नळीवर सुरकुत्या का पडल्या म्हणून विचारत बसतात. मशीनवर कागद तयार होताना तंतू एका दिशेने झोपतात, त्या दिशेला समांतर घडी घातली की गुळगुळीत येते, आडवी घातली की कड फुटते, खरखरीत होते. ओळखायचं कसं, तर पान न मोडता हलकेच एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत वाकवून बघा, ज्या वेळी कमी जोर लागला त्या वेळच्या वळणाला समांतर तंतू. नळी गुंडाळताना नळीची लांबी तंतूंच्या दिशेने आली पाहिजे. एफोरचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, पण डिझायनरने जागा वाचवायला धडाचे तुकडे आडवे टाकलेले असले तर काय करणार, तेवढे तुकडे वेगळ्या पानावर फिरवून छापायचे. थोडा कागद वाया जातो, जाऊ दे.

प्रिंटर इंकजेट असेल तर शाई पाण्याला घाबरते, ग्लूच्या ओलाव्यानेही पसरते, म्हणून छापलेली पानं वाळली की त्यावर मॅट अॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन हलके हात द्या, खिडकी उघडी ठेवून किंवा बाहेर जाऊन, आणि रात्रभर राहू द्या. एकदम जाड हात दिला तर कागद चिंब होतो. लेझर प्रिंटला पाण्याची भीती नाही पण त्याची पूड घडीवर तडकते आणि पांढरी रेघ दिसते, तिथे नंतर रंग लावावा लागतो. मला स्वतःला मिलिटरी रंगांसाठी इंकजेट बरा वाटतो, त्या मातकट हिरव्या-करड्या रंगांना चमक नकोच असते.

हत्यारं फार लागत नाहीत. टोकदार बारीक पात्याचा कटर आणि भरपूर पाती, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, लहान कात्री, टोकदार चिमटा, टूथपिक, वेगवेगळ्या जाडीच्या विणकामाच्या सुया, संपलेलं बॉलपेन, जुना माऊसपॅड. ग्लू म्हणजे पांढरा पीव्हीए, फेविकॉलच्या जातीचा, आणि सोबत थोडा सुपरग्लू. पात्यांची कंजुषी करू नका, बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं, आणि हातावर सटकतं ते वेगळंच.

कापायच्या आधी घड्यांच्या रेषा दाबून घ्यायच्या. हा क्रम बदलू नका, कापलेल्या लहान तुकड्यावर पट्टी धरता येत नाही. संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ ओढायची, कागद कापायचा नाही, नुसती खाच पाडायची. घडी डोंगरासारखी वर येणार असेल तर छापलेल्या बाजूने खाच, दरीसारखी खाली जाणार असेल तर मागच्या बाजूने, त्यासाठी रेषेच्या दोन टोकांना सुईने टोचून मागे खुणा काढायच्या. कुठली तुटक रेघ वरची घडी आणि कुठली खालची हे प्रत्येक डिझायनरचं वेगळं असतं त्यामुळे खुणांचा तक्ता वाचल्याशिवाय पट्टी हातात घेऊ नका. ताऱ्याची खूण असलेला भाग बहुतेक वेळा पुठ्ठ्यावर चिकटवून मग कापायचा असतो, एक तारा आणि दोन तारे म्हणजे वेगवेगळी जाडी, तेही त्याच तक्त्यात असतं.

कापताना आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. पुठ्ठा एका दमात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा. आणि सगळी पानं एकदम कापून ढीग करू नका हो, एका वेळी ज्या भागाचं काम चाललंय तेवढेच तुकडे, नाहीतर २७-अ आणि २७-ब उजव्या पंखाचे की डाव्या पंखाचे यावर संध्याकाळ जाते. कापलेल्या तुकड्याच्या मागे लगेच पेन्सिलीने नंबर लिहा.

तुकडा कापला की ग्लू लावायच्या आधी त्याच्या कडा रंगवा. मॉडेल कागदी दिसतं ते बहुतांशी पांढऱ्या कडांमुळे, एवढं एक केलं तरी काम दुप्पट चांगलं दिसतं. वॉटरकलर किंवा वॉटरकलर पेन्सिल, ब्रश जवळपास कोरडा, मागच्या बाजूने कडेवर फिरवायचा म्हणजे रंग पुढे ओघळत नाही. रंग अगदी जुळला नाही तरी चालतो पण थोडा गडद असला पाहिजे, फिका असला तर डोळ्यात भरतो. काळा स्केचपेन मात्र सगळीकडे फिरवू नका, कार्टून दिसतं.

आता धड. घडी नसलेला प्रत्येक वळणदार भाग ग्लू लावायच्या आधीच वळवून घ्यायचा, ग्लू हा फक्त दोन कडा धरून ठेवण्यासाठी आहे, कागदाला जबरदस्तीने वाकवण्यासाठी नाही. माऊसपॅडवर तुकडा पालथा ठेवा आणि सुईने किंवा गोल पेन्सिलीने थोडा दाब देत पुढे-मागे फिरवा, कागद आपोआप वळायला लागतो. आधी जाड दांडी, मग बारीक. हाताने सोडल्यावर तुकडा जवळजवळ मिटून राहिला पाहिजे, मग ग्लू.

ग्लू किती, तर टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा, बोटाने पसरून जवळपास दिसेनासा झाला पाहिजे. जास्त ग्लूने काही जास्त चिकटत नाही, त्यातलं पाणी कागदात उतरतं आणि कागद फुगतो. मिग-२१ सारख्या नळीत सांधा नेहमी पोटाखाली येईल असं बघा. सांध्याला एकावर एक चढणारी पट्टी दिलेली असेल आणि तुम्ही लहान मापात करत असाल तर ती कापून टाका, तिच्या जागी आतून पातळ कागदाची वेगळी पट्टी लावा आणि दोन कडा समोरासमोर आणून मिटवा. चढणारी पट्टी बाहेरून उंचवटा दाखवते.

धडाचे तुकडे एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती. एकात प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही तोंडांना चकत्या बसवतात आणि चकतीला चकती चिकटवतात. दुसऱ्यात एका तुकड्याच्या आत पट्टी लावून ती अर्धी बाहेर ठेवतात, पुढचा तुकडा तीवर सरकतो. १:३३ ला पहिली चांगली, मजबूत. लहान मापात दुसरी, कारण इतक्या छोट्या चकत्या अचूक कापणंच अवघड. पद्धत कुठलीही घ्या, ग्लूशिवाय आधी जुळवून बघा, आणि छापलेल्या रेषा, पट्टे, कॅमफ्लाजचे डाग एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ जातायत ना ते बघा. चकतीला चकती चिकटवताना तोंड सपाट हवं, नाहीतर पाच तुकडे जोडल्यावर अख्खं विमान केळीसारखं वाकतं आणि मग काही इलाज नसतो. सपाट काचेवर सँडपेपर ठेवून तुकडा उभा धरून दोन-चार वेळा गोल फिरवला की तोंड सपाट होतं. सुरुवात मधल्या, म्हणजे पंखांच्या भागापासून करा आणि पुढे-मागे वाढवत जा, टोकापासून केली तर चूक साठत साठत पंखापाशी येते.

शंकू वळवताना घाई नको. टोकाकडचा भाग आधी, अगदी बारीक सुईवर, नंतर मागे मागे जायचं. टोकाला थेंबभर सुपरग्लू मुरवला की ते कडक होतं आणि मग सँडपेपरने टोक काढता येतं. मिगच्या तोंडातला शंकू असाच करायचा. त्या तोंडाची कड गोल असते, तिथे कागदाची एक बारीक रिंग सुपरग्लूने कडक करून घासून गोल केली की छान दिसते, पण सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते, तोंड लांब ठेवा आणि खोली बंद ठेवू नका.

फुगीर नाकं मात्र पाकळ्यांनी होतात. कागदाला खाचा देऊन पाकळ्या पाडलेल्या असतात, प्रत्येक पाकळी आधी वेगवेगळी माऊसपॅडवर गोल मुठीच्या हत्याराने दाबून थोडी खोलगट करायची. इथे कागदाला किंचित ओल दिली तर तो दोन दिशांना जरासा ताणतो, अगदी जरासा. मग समोरासमोरच्या दोन पाकळ्या, मग त्यांच्या आडव्या दोन, असं करत मिटवायचं, एका बाजूने ओळीने चिकटवत गेलात की नाक वाकडं झालंच समजा.

पंखात लोक दोन चुका करतात. पहिली, पुढच्या कडेला करकरीत घडी घालतात. खऱ्या पंखाची पुढची कड बहुतेक विमानांत गोल असते, म्हणून तिथे खाच न पाडता आतून सुई ठेवून तिच्याभोवती कागद वळवायचा. मागची कड मात्र जितकी पातळ होईल तितकी करा, आतून सँडपेपरने कागद थोडा खरवडून घेतला तर अजून पातळ होते. आत पुठ्ठ्याची दांडी असते ती घाला, ती विंगच्या बरोबरीने धडात आरपार गेली तर पंख पडत नाहीत. मागची कड चिकटवताना पंख सपाट काचेवर ठेवून वर पुस्तकाचं वजन, फक्त कडेवर, मधोमध नको, नाहीतर फुगवटा जातो. इथेच पंखाला पीळ बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, टोकाकडून बघत राहा.

दुसरी चूक कोनाची. प्रत्येक विमानाचे पंख वर किती उचललेले किंवा खाली किती झुकलेले याचा कोन ठरलेला आहे आणि विमानाचा चेहरामोहरा त्यावरच असतो. स्पिटफायरचे वर जातात, मिग-२१ चे किंचित खाली, एफ-१०४ चे चांगले १० अंश खाली. फँटम या जेटची गंमत तर वेगळीच, पंखांचा मधला भाग सपाट, बाहेरची टोकं १२ अंश वर आणि शेपटीचे पंख २३ अंश खाली. हे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. पुठ्ठ्यावर कोनमापकाने कोन काढून दोन त्रिकोण कापा, दोन्ही पंखांखाली एकेक उभा ठेवा, त्यावर पंख टेकवा आणि ग्लू पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. मग समोरून, वरून आणि मागून बघा. वरून बघताना दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोऱ्याने मापलं आणि अंतर सारखं आलं तर पंख सरळ बसले.

कॉकपिटची काच. पहिल्या मॉडेलला छापलेली निळसर काच असलेला कागदी भागच लावा, त्यात कमीपणा काही नाही, १:१४४ ला तर तोच जास्त चांगला दिसतो. पारदर्शक हवी असेल तर पातळ प्लास्टिक शीट, वर कागदाची चौकट, आणि चिकटवायला फक्त पीव्हीए. सुपरग्लू काचेजवळ नेलात की त्याच्या वाफेने काचेवर पांढरा धूर बसतो, तो पुसून जात नाही. पारदर्शक काच लावणार तर आत सीट आणि पॅनेल करावं लागणार हेही आलंच.

चाकांच्या बाबतीत एक गोष्ट धडाचं नाक बंद करायच्या आधीच करायची असते. ज्या विमानाला पुढे एक आणि मागे दोन चाकं, म्हणजे जवळपास सगळी जेट, ते कागदात हमखास शेपटीवर बसतं कारण वजन मागे जास्त होतं. नाकात छोटे नट किंवा शिशाचे तुकडे ग्लूने बसवून टाका, मुख्य चाकांच्या जागेवर बोट धरून नाक खाली जातंय का बघा, मगच नाक बंद करा. चाकांचे पाय नुसत्या कागदाचे केले तर महिन्याभरात फाकतात, आत टाचणी किंवा पेपरक्लिपची तार घालून तीभोवती ८० जीएसएमचा कागद गुंडाळा. चाकं म्हणजे पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक, सुपरग्लू मुरवून, मधून टूथपिक घालून सँडपेपरवर फिरवत गोल करायच्या. खालून किंचित सपाट घासलं की विमानाचं वजन चाकांवर आल्यासारखं वाटतं. आणि या सगळ्याचा कंटाळा असेल तर चाकं आत घेतलेलं, उडत असलेलं मॉडेल करा, स्टँडवर लावा, कुणी काही म्हणत नाही. १:१४४ ला मी तरी तेच सुचवेन.

पंख्याच्या विमानांत पात्यांचा पीळ कुठल्या बाजूला ते बघून घ्या. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायचा, नंतरच्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा उलटा. पाती उलट पिळलेली असली तर जाणकार माणूस दारातूनच सांगतो.

तारा लावायच्या विमानांसाठी, त्या कॅमलसाठी वगैरे, बारीक लवचिक दोरा किंवा पातळ नायलॉन वापरा, पंखांना सुईने भोकं वरचा पंख बसवायच्या आधी पाडा. साधा सुती दोरा नको, त्याचे तंतू बाहेर आलेले दिसतात.

शेवटचा हात म्हणून जुनाट, वापरलेलं दाखवायचं असेल तर खडूची किंवा पेस्टलची पूड कोरड्या मऊ ब्रशने लावा, धुराच्या नळीच्या मागे काळपट-तपकिरी, तोफांच्या तोंडाशी थोडी काळी, नेहमी हवा वाहते त्या दिशेने, म्हणजे पुढून मागे. पत्र्याचे सांधे छापलेले असतातच, ते टोकदार पेन्सिलीने गिरवण्याचा मोह फक्त हलणाऱ्या भागांपुरता ठेवा, फ्लॅप, रडर वगैरे. मग पुन्हा एक हलका मॅट स्प्रे, पूड जागेवर बसते.

मॉडेल उन्हात ठेवू नका, इंकजेटची शाई काही महिन्यांत उडते आणि लाल रंगाच्या खुणा सगळ्यात आधी फिक्या पडतात. छताला टांगणार असाल तर एकाच दोऱ्यावर टांगू नका, विमान गरगर फिरत राहतं. दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक आणि शेपटीजवळ एक असे तीन दोरे घ्या, शेपटीचा दोरा थोडा आखूड ठेवला की नाक खाली करून झडप घालतंय असं दिसतं, लांब ठेवला की वर चढतंय.